जुन्या वस्त्यांचें रक्षण आणि नगररचनेचे नियम

किल्ले, लेणीं, देवळें आणि राजवाडे हा राष्ट्राचा ठेवा आहे व तो जपला पाहिजे, ही गोष्ट आतां शाळेंतील लहान मुलासहि पटवून द्यावी लागत नाहीं. परंतु ज्या गल्लींत आपण राहतों, ज्या ओट्यावर घरांतील वडील माणसें संध्याकाळीं बसतात, ज्या लांकडी जिन्याच्या पायऱ्या तीन पिढ्यांच्या पावलांनीं झिजल्या आहेत, ती गल्ली, तो ओटा व तो जिना हींहि जपण्यासारखीं आहेत कीं काय, असा प्रश्न केला तर चांगले जाणते लोकहि क्षणभर थबकतात. कोणी म्हणतो, “जुनें तें सोनें”, कोणी म्हणतो, “जुनें तें मोडकें, पाडा आणि नवें बांधा.” ह्या दोन्ही उत्तरांनीं प्रश्न सुटत नाहीं. म्हणून जुन्या वस्त्यांच्या रक्षणासाठीं नगररचनेचे जे नियम निरनिराळ्या देशांत आणि विशेषतः आपल्या मुंबई शहरांत झाले, ते काय आहेत, ते कसे चालतात आणि कोठें अपुरे पडतात, हें आमच्या विद्यार्थीमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत समजावून सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. स्मारक निराळें आणि वस्ती निराळी. स्मारक म्हणजे एखादी एकटी वास्तु. तिची थोरवी तिच्या स्वतःच्या अंगीं असते. वस्तीचें तसें नाहीं. गिरगांवांतील खोताचीवाडी घ्या. तेथें ताजमहालासारखी डोळे दिपविणारी एकहि इमारत नाहीं. कौलारू छपरांचीं, लांकडी गॅलऱ्यांचीं, बाहेरून जिना काढलेलीं, पुढें पडवी असलेलीं ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचीं लहान लहान घरें आणि त्यांच्यामधून वळणें घेत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, एवढाच तिचा पसारा. गोव्यांत पणजीच्या फोंताइन्यश भागाचीहि हीच गोष्ट. तेथील रंगीत भिंतींचें एखादें घर एकटें माळावर नेऊन ठेवलें, तर वाटसरू त्याकडे वळूनहि पाहणार नाहीं. परंतु तींच घरें एकमेकांस खांदा लावून उभीं राहिलीं, सर्वांचीं छपरें जवळजवळ एका उंचीचीं असलीं, एकाच्या खिडकींतून दुसऱ्याच्या पडवींत हांक जाऊं लागली, म्हणजे तेथें जें कांहीं उत्पन्न होतें, त्यास आपण वस्ती म्हणतों. आतां ह्या रांगेंतील एक घर पाडून त्याच्या जागीं वीस मजल्यांचा मनोरा उठविला, तर केवळ एक घर गेलें असें होत नाहीं. शेजारच्या दहा घरांचा उजेड जातो, वारा अडतो, गल्लींत मोटारगाड्यांची गर्दी होते, आणि उरलेलीं घरें एकाएकीं खुजीं व निरर्थक दिसूं लागतात. वस्तींत जपावयाचें असतें तें घराघरांमधील हें नातें.

हा भेद न ओळखल्यामुळें स्मारकांचा कायदाच वस्त्यांस लावावा असें पुष्कळांस वाटतें. आपल्या देशांत प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा १९०४ सालीं झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं त्याहून व्यापक कायदा करण्यांत आला. त्यास २०१० सालीं जी दुरुस्ती झाली तिनें असें ठरविलें कीं, केंद्र सरकारनें संरक्षिलेल्या स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम होऊं नये, व त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीवांचून होऊं नये. स्मारकाच्या बाबतींत हा कडकपणा योग्यच आहे; कारण लेण्यांत अगर बुरुजावर कोणी संसार थाटीत नाहीं. वस्तींत मात्र चुली पेटतात, मुलें जन्मतात, लग्नें होतात, म्हातारपण येतें आणि पावसाळ्यांत छपरें गळतात. तेथें “कशासहि हात लावूं नका” असें म्हणणें म्हणजे जित्याजागत्या माणसांस संग्रहालयांतील बाहुल्या करून ठेवणें होय. म्हणून वस्तीसाठीं निराळ्या प्रकारचा नियम लागतो. त्यानें बदल होऊं दिला पाहिजे. मात्र त्या बदलास प्रमाण व रीत घालून दिली पाहिजे. हें काम नगररचनेच्या नियमांचें आहे.

असे नियम जगांत कसे उत्पन्न झाले हें पाहणें बोधप्रद आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत चार्ल्स्टन नांवाचें एक जुनें बंदर आहे. मोटारगाड्यांचा प्रसार झाल्यावर तेथील जुनीं सुंदर घरें पाडून पेट्रोलचे पंप उभारण्यास आरंभ झाला. तेव्हां १९३१ सालीं तेथील नगरपालिकेनें शहराच्या जुन्या भागाची सीमा आंखून दिली व त्या सीमेच्या आंत घराचें बाह्य रूप बदलावयाचें झाल्यास एका मंडळाची संमति घेतली पाहिजे असें ठरविलें. सबंध वस्तीस नगररचनेच्या नियमानें संरक्षण देण्याचा अमेरिकेंतील हा पहिलाच प्रयत्न होय. फ्रान्समध्यें १९४३ सालच्या कायद्यानें संरक्षित स्मारकाभोंवतीं ५०० मीटरपर्यंत होणाऱ्या बांधकामावर देखरेख ठेवण्याची तजवीज झाली. पुढें १९६२ सालीं आंद्रे मालरो हे संस्कृतिखात्याचे मंत्री असतां दुसरा कायदा होऊन शहरांतील सबंध जुने भाग ‘संरक्षित विभाग’ म्हणून जाहीर करण्याची सोय झाली. इंग्लंडांत १९६७ सालच्या कायद्यानें ‘संरक्षण क्षेत्र’ ही कल्पना रूढ केली. ज्या भागास वास्तुकलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीनें विशेष महत्त्व आहे व ज्याचें स्वरूप राखणें अगर सुधारणें इष्ट आहे, तो भाग असा जाहीर करतां येतो. ह्यांतील ‘सुधारणें’ हा शब्द आमच्या वाचकांनीं विसरूं नये. नियम करणारांनीं वस्ती गोठवून ठेवण्याचें मनांत आणलें नव्हतें. ती चांगल्या तऱ्हेनें वाढावी असेंच त्यांना वाटत होतें.

आतां मुंबईकडे वळूं. हें शहर सात बेटें जोडून झालें. भोंवतीं समुद्र असल्यामुळें येथें जमिनीचा तुटवडा पहिल्यापासूनच. जेथें जमीन सोन्याच्या मोलानें विकते तेथें त्या जमिनीवरील दोन मजल्यांचें जुनें घर हें मालकाच्या दृष्टीनें अडगळ होऊन बसतें. त्यांतच भाड्याच्या प्रश्नाची भर पडली. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचें भाडें सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीं जें होतें त्यावर बांधलें गेलें. टंचाईच्या काळांत भाडेकरूंची लूट होऊं नये हा त्यांतील हेतु चांगलाच होता, व त्यायोगें हजारों गरीब व मध्यम स्थितींतील कुटुंबें शहरांत टिकून राहिलीं. परंतु पुढें सर्व वस्तूंचे भाव कितीतरी पटींनीं वाढले आणि भाडें मात्र जागच्या जागीं राहिलें. ज्या चाळीचें सबंध महिन्याचें भाडें चार गवंड्यांच्या मजुरीसहि पुरत नाहीं, तिचें छप्पर मालकानें दुरुस्त करावें कशांतून? १९६९ सालीं सरकारनें कायदा करून जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसविला व दुरुस्तीसाठीं एक मंडळ स्थापिलें. अशा इमारतींस तेव्हांपासून उपकरप्राप्त इमारती म्हणतात. १९९९ सालच्या नव्या कायद्यानें भाड्यांत वर्षास शेंकडा ४ वाढ करण्याची मुभा दिली. परंतु मूळ आंकडाच लहान, तेथें त्याचा शेंकडा चौथा हिस्सा तो केवढा असणार? अशा रीतीनें घराची डागडुजी कोणीच करीना, आणि घर पडावें यांतच कित्येकांचें हित दिसूं लागलें.

ह्या स्थितींत महाराष्ट्र सरकारनें १९९५ सालीं मुंबईसाठीं वारशाच्या रक्षणाचे नियम लागू केले. १९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलींतील ६७ वा नियम तो हाच. सबंध शहरासाठीं असे नियम करणारें मुंबई हें भारतांतील पहिलें शहर होय. सहाशेंहून अधिक वास्तु व परिसर ह्यांची एक यादी सरकारनें प्रसिद्ध केली आणि त्यांच्या तीन श्रेणी ठरविल्या. पुढें २०१८ सालीं शहरास नवी नियमावली मिळाली. तिच्यांतहि वारशाचें प्रकरण ठेवलेलें आहे.

ह्या श्रेणींचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. पहिल्या श्रेणींत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तु येतात. बोरीबंदरचें स्टेशन, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, हें त्याचें ठळक उदाहरण. २००४ सालीं त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. अशा वास्तूंत, त्या टिकून राहण्यासाठीं जेवढें अवश्य तेवढेंच काम करतां येतें. दुसऱ्या श्रेणींत प्रादेशिक व स्थानिक महत्त्वाच्या वास्तु आहेत. तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पोटभाग आहेत. येथें बाहेरील रूप राखून आंत सोयीप्रमाणें फेरबदल करण्यास व वास्तूचा नवा उपयोग करण्यास मोकळीक असते. ‘ब’ भागांत तर त्याच आवारांत मूळ वास्तूस विशोभित होणार नाहीं असें दुसरें बांधकामहि करतां येतें. तिसऱ्या श्रेणींत ज्यांच्यामुळें नगराच्या दर्शनी रूपास विशेष आकार येतो, किंवा ज्यांवर एखाद्या समाजाच्या राहणीचा ठसा उमटलेला आहे, अशा इमारती घातल्या आहेत. येथें बदलास सर्वांत अधिक वाव आहे. ह्याखेरीज फोर्ट किंवा खोताचीवाडी ह्यांसारख्या सबंध भागांस ‘वारसा परिसर’ अशी संज्ञा देण्यांत आली. आमच्या विषयाच्या दृष्टीनें तिसरी श्रेणी आणि हे परिसर ह्यांचेंच महत्त्व अधिक. कारण सामान्य माणसाची वस्ती सांपडते ती तेथेंच.

नियम चालतो तो असा. यादींतील घराच्या मालकास घर पाडावयाचें असो, वाढवावयाचें असो, कीं त्याचें दर्शनी रूप बदलावयाचें असो, तो महानगरपालिकेकडे अर्ज करतो. वास्तुविशारद, अभियंते, इतिहासज्ञ इत्यादि जाणत्या माणसांची एक वारसा समिति नेमलेली आहे. तिचा सल्ला घेऊन महानगरपालिकेचे आयुक्त निर्णय देतात. समिति पाहते तें काय? नवें छप्पर शेजारच्या छपरांच्या मानानें किती उंच आहे. खिडक्यांची ठेवण रांगेंतील खिडक्यांशीं जुळते कीं नाहीं. लांकडी कठडा काढून तेथें लोखंडी पिंजरा बसविण्याचा बेत आहे कीं काय. दगडी भिंतीवर चुना चढविण्याऐवजीं तिचा श्वास कोंडणारा सिमेंटचा गिलावा तर द्यावयाचा नाहीं ना? वरवर पाहतां ह्या बाबी क्षुल्लक वाटतात. परंतु वस्तीचें रूप जातें तें बहुधा एका घावानें नव्हे, तर अशा शंभर लहान लहान बदलांनींच जातें.

दादाभाई नौरोजी रस्त्याची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. क्रॉफर्ड मार्केटपासून हुतात्मा चौकाकडे येणारा हा रस्ता पूर्वीं हॉर्नबी रोड ह्या नांवानें ओळखला जाई. त्याच्या दोन्ही अंगांस निरनिराळ्या शैलींच्या भव्य इमारती आहेत. तथापि सर्वांच्या तळमजल्यास कमानींची पडवी असल्यामुळें त्या एका माळेंत ओंवल्यासारख्या दिसतात, आणि चालणाऱ्या माणसास ऊन लागत नाहीं व पावसांत भिजावें लागत नाहीं. कांहीं वर्षांमागें ह्या कमानी दुकानांच्या अवाढव्य पाट्यांखालीं झांकून गेल्या होत्या. मग वास्तुविशारद, दुकानदार व महानगरपालिका ह्यांनीं मिळून पाट्यांचा आकार व जागा ठरविली. पाटी कमानीच्या आंत बसवावी, कमान झांकूं नये, असें ठरलें. एकहि इमारत पाडावी लागली नाहीं, एकाहि दुकानदाराचा धंदा बुडाला नाहीं. रस्त्याचें झांकलेलें मुख मात्र उघडें झालें. नियम समजावून सांगितला व तो सर्वांस सारखा लावला, तर लोक तो मानतात, असा ह्यांतील बोध आहे.

आणखी एक गोष्ट ह्याच रस्त्यावरून ध्यानांत येते. त्या कमानी कोणा एका रसिक धनिकाच्या लहरीनें आलेल्या नाहींत. १८९६ सालच्या नियमानें तेथील इमारतींस अशी पडवी ठेवणें भाग पाडलें होतें. दादर व माटुंगा येथील वस्त्या पाहा. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें हाहाकार उडविल्यावर १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें रस्ते रुंद आंखले, बागा राखल्या, इमारतींच्या भोंवतीं मोकळी जागा सोडावयास लाविली. मरीन ड्राइव्हवरील इमारतींची एकसारखी उंची हेंहि नियमाचेंच फळ. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस राजाबाई टॉवर व हायकोर्ट ह्यांसारख्या गॉथिक पद्धतीच्या इमारती आणि पश्चिमेस विसाव्या शतकांतील आर्ट डेको पद्धतीचीं घरें, अशा एकंदर ९४ इमारतींच्या समूहास २०१८ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या घरांच्या ओळीमागेंहि रस्त्याची रेषा व उंचीचें प्रमाण संभाळणारी शिस्त आहे. नियम म्हणजे केवळ अडवणूक असें जे म्हणतात त्यांनीं हें पाहावें. आज जे भाग आपण अभिमानानें पाहुण्यांस दाखवितों, त्यांतील कित्येक मुळांत नियमाचींच लेकरें आहेत.

इतकें असूनहि हे नियम सर्वांस प्रिय नाहींत. त्यांत सर्वच विरोधक लोभी आहेत असें मानणें अन्यायाचें होईल. २०१२ सालीं वारशाच्या यादींत पुष्कळ नवीं नांवें घालण्याचें योजिलें. त्यांत दादरचा शिवाजी पार्क हा परिसरहि होता. तेव्हां तेथील रहिवाशांनीं जोराचा विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, आमच्या इमारती जुन्या झाल्या, त्यांस उद्वाहक नाहीं, वृद्ध माणसांस तीन जिने चढवत नाहींत. पुनर्बांधणी हा आमचा एकच मार्ग, आणि यादींत नांव गेलें कीं तोहि बंद होईल. ज्या चाळींत दहा बिऱ्हाडांस मिळून दोन शौचकूप आहेत, तेथील गृहिणीस लांकडी कठड्याचें सौंदर्य सांगूं जावें तर ती काय म्हणेल? तिला स्वतःच्या घरांत नळ व न्हाणीघर हवें आहे, आणि तिची ही मागणी सर्वथा न्याय्य आहे. घराच्या शोभेचा लाभ सबंध शहरास मिळावा आणि त्याचा खर्च व गैरसोय मात्र एका कुटुंबानें सोसावी, हा व्यवहार फार दिवस टिकणारा नव्हे. वस्तीरक्षणाच्या सर्व प्रश्नाचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे: हें ओझें वाहावें कोणीं?

ह्या प्रश्नास मुंबईच्या नियमांत एक उत्तर दिलेलें आहे. तें उदाहरणानें सांगतों. कोणत्याहि भूखंडावर किती बांधकाम करतां येईल ह्याचें प्रमाण ठरलेलें असतें. त्यास चटईक्षेत्र निर्देशांक, किंवा बोलण्यांत एफएसआय, असें म्हणतात. १९९१ सालच्या नियमावलींत मुंबई शहरांतील निवासी जागेस हें प्रमाण सामान्यतः १.३३ होतें. समजा, एकाचा भूखंड ६०० चौरस मीटरांचा आहे. १.३३ नें गुणिलें असतां त्यास ७९८ चौरस मीटर बांधकामाचा हक्क येतो. त्यावरील जुनें घर मात्र ४५० चौरस मीटरांचेंच आहे. घर यादींत असल्यामुळें त्यास वाढविण्याची परवानगी मिळाली नाहीं, तर त्याचा ३४८ चौरस मीटरांचा हक्क वायां जाईल. तसें होऊं नये म्हणून तेवढ्या हक्काचा दाखला त्यास देण्यांत येतो; तो दाखला त्यानें नियमांत बसेल अशा दुसऱ्या जागीं बांधणाऱ्यास विकावा आणि पैसे घ्यावे. ह्यास हस्तांतरणीय विकास हक्क, अथवा टीडीआर, असें नांव आहे. अहमदाबादच्या जुन्या पोळांसाठींहि तेथील महानगरपालिकेनें असाच मार्ग स्वीकारला. त्या शहरास २०१७ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला.

युक्ति चांगली आहे. परंतु ती पुरी पडत नाहीं. दाखल्याचे पैसे मिळतात ते मालकास, आणि गळक्या छपराखालीं राहतो तो बहुधा भाडेकरू. पैसे घेतल्यावर मालकानें ते त्याच घराच्या दुरुस्तींत घालावेत, ह्याची खात्रीची व्यवस्था असल्यावांचून घराची स्थिति सुधारत नाहीं. शिवाय ज्यानें आपल्या भूखंडावरील हक्क पूर्वींच वापरून टाकला, त्यास द्यावयास कांहींच उरत नाहीं. दुसरीकडून पुनर्बांधणीच्या योजनांत उपकरप्राप्त इमारतींस अधिक बांधकामाची लालूच दाखविलेली आहे, व तिसऱ्या श्रेणींतील अशा इमारतींस वारसा समितीच्या संमतीच्या अटींतूनहि पुढें बरीच सूट देण्यांत आली. एका हातानें राखावें व दुसऱ्या हातानें मोडावयास उत्तेजन द्यावें, असा हा प्रकार झाला. खोताचीवाडींत एके काळीं ६५ घरें होतीं असें सांगतात. आज त्यांचीं निम्मीं देखील उरलीं नाहींत. परिसर म्हणून नांव नोंदलें गेलें, तरी केवळ नोंदीनें घर उभें राहत नाहीं. तें उभें राहतें तें दरसाल पावसाळ्यापूर्वीं कोणीतरी पदरचे पैसे घालून कौलें बसवितो व वाळवी लागलेला वासा बदलतो म्हणून.

उलट टोंकाची चूकहि घडूं शकते. तिचें उदाहरण पॅरिस शहरांतील मारे ह्या भागाचें. १९६२ च्या फ्रेंच कायद्याखालीं ज्या भागांचें रक्षण झालें त्यांत हा प्रमुख होय. तेथील जुन्या हवेल्यांच्या चौकांत लहान लहान कारखाने थाटलेले होते. कारागीर, कामकरी व गरीब कुटुंबें दाटीवाटीनें राहत होतीं. हवेल्या उत्तम रीतीनें दुरुस्त झाल्या, चौक मोकळे झाले, आणि तो भाग इतका देखणा झाला कीं तेथील जागांचे भाव वाढतच गेले. पुष्कळ कारागीर व गरीब कुटुंबें तेथून निघून गेलीं. भिंती राहिल्या, माणसें बदललीं. आमच्या खोताचीवाडींत उद्यां सर्व घरें जशींच्या तशीं राहिलीं, पण त्यांत केवळ उपाहारगृहें व प्रवाशांच्या खोल्या झाल्या, नाताळांत दारोदार फराळाचीं ताटें फिरेनातशीं झालीं, तर वस्ती वांचली असें म्हणतां येईल काय? आमचें उत्तर नकाराचें आहे.

ह्या सर्व विवेचनावरून वस्तीरक्षणाच्या चांगल्या नियमाचीं लक्षणें काढतां येतात. पहिलें, काय जपावयाचें तें नियमानें स्पष्ट सांगावें. रस्त्याची रेषा, छपराची उंची, पडवी, अंगण हीं राखावयाचीं असतील तर तसें लिहावें, आणि आंत न्हाणीघर बांधण्यास वा विजेच्या तारा घालण्यास महिनेच्या महिने खेटे घालावे लागूं नयेत. दुसरें, शहरास शोभा हवी असेल तर शहरानें खर्चाचा वांटा उचलावा. हक्काच्या दाखल्याचा पैसा दुरुस्तीशीं बांधलेला असावा, आणि ज्यांस दाखला मिळूं शकत नाहीं त्यांस करांत सूट किंवा दुरुस्तीसाठीं साहाय्य मिळावें. तिसरें, आज जो तेथें राहतो त्यास उद्यांहि तेथें राहतां आलें पाहिजे. भाडेकरूस बाहेर काढून राखलेलें घर हें राखलेलें घर नव्हे. चौथें, नियम करण्यापूर्वीं वस्तींतील माणसांस विचारावें. शिवाजी पार्कच्या रहिवाशांचा राग निम्मा नियमावर होता, तर निम्मा अज्ञात भीतीपायीं होता. यादींत नांव गेल्यानें नक्की काय करतां येईल व काय करतां येणार नाहीं, हें घरोघर जाऊन आधींच सांगितलें असतें तर ती भीति पुष्कळ कमी झाली असती असें आम्हांस वाटतें.

विद्यार्थीमित्रहो, ह्यांत तुमचें काय काम, असें तुम्ही विचाराल. कायदे करणें तुमच्या हातीं नाहीं हें खरें. परंतु कायद्यास ज्याची सर्वांत अधिक गरज असते ती वस्तु तुम्हांस मिळवितां येईल. ती म्हणजे माहिती. येत्या सुट्टींत आपल्या गल्लीचा एक नकाशा काढा. प्रत्येक घर केव्हां बांधलें, कोणीं बांधलें, कोणत्या लांकडाचें, छपरास कौल कीं पत्रा, तेथें किती कुटुंबें राहतात, विहीर कोठें होती, हें घरांतील वडील माणसांस विचारून वहींत लिहून ठेवा. कोणाचें छप्पर गळतें आणि कोणास जिना चढवत नाहीं हेंहि लिहा. कारण सौंदर्याची नोंद करणारानें गैरसोयीची नोंद टाळूं नये. पालकांसहि आमची विनंति आहे. आपली इमारत पुनर्बांधणीस द्यावयाची कीं दुरुस्त करावयाची हा प्रश्न सभेपुढें आला, म्हणजे ‘किती चौरस फूट अधिक मिळणार’ ह्या एकाच आंकड्यावर मत देऊं नये. नव्या मनोऱ्याचा दरमहाचा देखभालीचा खर्च आपल्यास झेपेल काय, शेजार टिकेल काय, दुरुस्तीचा अंदाज जाणत्या वास्तुविशारदाकडून एकदां तरी घेतला आहे काय, हेहि प्रश्न त्याच सभेंत विचारावे. उत्तरें ऐकून पुनर्बांधणीच योग्य असें ठरलें, तर त्यांतहि कमीपणा नाहीं. परंतु तो निर्णय डोळे उघडे ठेवून झालेला असेल.

शहर हें प्रत्येक पिढीच्या हातीं कांहीं वर्षांपुरतेंच येतें. आपल्या आधींच्यांनीं हॉर्नबी रोडवर कमानी बांधतांना पुढें चालणाऱ्या अनोळखी माणसाच्या डोक्यावरील उन्हाचा विचार केला. आपणहि आपल्या गल्लीविषयीं नियम करतांना, तो पाळतांना आणि प्रसंगीं त्यावर टीका करतांना, तेथें आज राहणाऱ्याचा व उद्यां राहणाऱ्याचा सारखाच विचार करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.